पांढऱ्या पेशींची सुई: चार केमो, सोळा सिरिंजा आणि एक थर्माकोलचा डबा

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात एका बाजूला आमरसाचं पातेलं, दुसऱ्या बाजूला ताकाची बरणी आणि मध्ये लेकाचा शाळेतला जुना स्टीलचा डबा होता. डब्यात पोळीभाजी नव्हती. फिल्ग्रास्टिमच्या पाच भरलेल्या सिरिंजा होत्या, प्रत्येकी ३०० मायक्रोग्रॅमच्या. घरात तिचं नाव पडलं ‘पांढरी सुई’, कारण पांढऱ्या पेशी वाढवते. औषध स्वतः पाण्यासारखं असतं, त्याला रंगबिंग काही नाही.

हा त्या सुईचा रिव्ह्यू आहे. कंपनीचं नाव घेत नाही. तीन वेळा तीन वेगळ्या कंपन्यांची मिळाली आणि आमच्याकडे तिन्हींनी सारखंच काम केलं. खोक्यावरचा रंग तेवढा बदलायचा.

मी सोलापुरात विजापूर रोडला राहते, ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. फेब्रुवारीत त्यांच्या स्तनातली गाठ काढली आणि मार्चअखेर केमो सुरू झाली. चार वेळा, दर एकवीस दिवसांनी, ते लाल रंगाचं औषध. पहिल्या केमोनंतर आम्हाला वाटलं, निभावलं. चार दिवस उलट्या, मग हळूहळू भाकरी-आमटी सुरू. दहाव्या दिवशी संध्याकाळी आत्या ओट्यापाशी उभ्या होत्या, म्हणाल्या, “अंगात कसकस वाटाय लागलीय.” थर्मामीटर लावला तर १०१.

केमोच्या फाइलवर लाल पेनानं लिहिलेलं होतं: ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन देऊन वाट बघत बसू नका, लगेच या. गेलो. रक्त तपासलं. एकूण पांढऱ्या पेशी ९००. एरवी ४,००० ते ११,००० असतात. पण खरा बघायचा आकडा तो नाही. त्याखाली न्यूट्रोफिल २० टक्के असं लिहिलं होतं. ९०० चे २० टक्के म्हणजे १८०. जंतू आत शिरला की त्याच्या अंगावर पहिल्यांदा धावून जातात त्या ह्या पेशी. त्या १,५०० च्या खाली गेल्या तर कमी म्हणायच्या, ५०० च्या खाली गेल्या आणि सोबत ताप असेल तर डॉक्टर घरी सोडतच नाहीत. पाच दिवस ॲडमिट, शिरेतून अँटिबायोटिक, तोंडात फोड, पाणी गिळतानाही डोळ्यांत पाणी. बारावीच्या मुलांना मी वीस वर्षं सांगत आलेय की हाडांतली मज्जा दिवसाला साधारण १०० अब्ज न्यूट्रोफिल बनवते आणि रक्तात त्यांचं आयुष्य काही तासांचं असतं. म्हणजे कारखाना चार दिवस बंद पडला तर दुकान रिकामं. वर्गात हे वाक्य फार सोपं वाटायचं.

डॉक्टर म्हणाले, पुढच्या केमोपासून ही सुई घ्यायची. केमो संपून २४ तास झाले की सुरू करायची, रोज एक, पाच दिवस. आधी अजिबात नाही. या २४ तासांचा अर्थ नीट समजून घ्या, कारण आमच्याच वॉर्डात एकांचे नातेवाईक “आजच देऊन टाका ना, उद्याची फेरी वाचेल” म्हणून सिस्टरशी वाद घालत होते. केमोचं औषध विभागणाऱ्या पेशी मारतं. ते रक्तात फिरत असताना मज्जेला ‘वाढा, वाढा’ सांगायचं, म्हणजे पेरणी करून लगेच त्यावर गुरं सोडायची.

आता खरेदी. इथे मात्र मी चिडलेली आहे.

पहिली सुई आम्ही दवाखान्याजवळच्या एका मेडिकलमधून घेतली. दुपारचे दोन, एप्रिलचं ऊन, पारा ४१ ला. काउंटरवरच्या माणसानं फ्रिज उघडला, आतून खोकं काढलं (त्याच फ्रिजमध्ये थंड पाण्याच्या बाटल्या होत्या आणि दार सारखं उघडलं जात होतं), काळ्या कॅरीबॅगमध्ये टाकलं आणि छापील किंमत सांगितली. एक रुपया कमी नाही. बर्फ मागितला तर म्हणाला, “काही होत नाही हो मॅडम, समदी अशीच नेतात.” मी रिक्षानं घरी येईपर्यंत चाळीस मिनिटं गेली, वाटेत सात रस्त्यावर गर्दी. खोकं हाताला कोमट लागत होतं. खोक्यावर स्पष्ट छापलंय: २ ते ८ अंश, गोठवू नका, हलवू नका.

हे प्रथिन आहे. १७५ अमिनो आम्लांची साखळी, एका ठरावीक घडीत बसलेली. माणसाच्या अंगात हे बनतं तेव्हा १७४ असतात, ही ई. कोलाय नावाच्या जिवाणूकडून बनवून घेतात म्हणून पहिल्या जागी एक मेथिओनिन जास्तीचं येतं. त्यानं कामात फरक पडत नाही. पण घडी मोडली तर पडतो, आणि घडी मोडलेलं औषध दिसायला तसंच पाण्यासारखं असू शकतं. बाहेर काही तास राहिलं तर चालतं असं खोक्यातल्या कागदावर लिहिलेलं असतं. पण तो कागद २५ अंशांच्या खोलीचा हिशेब धरतो, सोलापूरच्या रिक्षाचा नाही. शिवाय दुकानात ते आधी कसं ठेवलं होतं, कोण सांगणार? डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, शंका असेल तर देऊ नका. ती सुई गेली. म्हणून तीन केमोच्या पंधरा सुया आणि बिलं सोळांची.

मग शेजारच्या काकूंनी दुसरं दुकान सांगितलं. होटगी रोडकडे जाताना एका गल्लीत, दहा बाय बारा असेल नसेल. नाव देत नाही, पण ओळखायची खूण सांगते: फ्रिजच्या दाराला थर्मामीटर लटकवलेला असतो आणि बाजूच्या वहीत सकाळ-संध्याकाळचं तापमान लिहिलेलं असतं. मी मागितल्यावर त्या पोरानं वही पुढे केली, रागावला नाही. फ्रिजला इन्व्हर्टर. सुया थर्माकोलच्या डब्यात, जेल पॅक खाली, मध्ये वर्तमानपत्राची घडी, वर सुया. “बर्फाला थेट टेकवायची नाही मॅडम, गोठली तर तीपण गेली.” आणि किंमत छापील किमतीच्या निम्म्याहून कमी. तेच औषध, तेवढंच वजन. मी बिल दोनदा वाचलं. पहिल्या दुकानदारानं मला लुटलं असं मी म्हणणार नाही, छापील किंमत घेणं गुन्हा नाही. पण ज्याच्या घरी कॅन्सर आहे तो माणूस घासाघीस करायच्या मनःस्थितीत नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. भाव विचारा. दोन ठिकाणी विचारा. लाज वाटायचं काही कारण नाही.

सुई द्यायला पहिल्या दिवशी सिस्टर घरी आल्या. दुसऱ्या दिवसापासून मी दिली. अवघड नाही, पण पहिल्या वेळी माझा हात थरथरत होता हे खरं. फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवायची, थंड दिली तर झोंबते. पुस्तकात अर्धा तास म्हणतात, आमच्याकडे मे महिन्यात दहा मिनिटं पुष्कळ झाली. बेंबीपासून दोन बोटं सोडून, रोज बाजू बदलून, कातडी चिमटीत धरायची आणि सरळ टोचायची. आत्या डोळे मिटून ‘सिद्धेश्वर महाराज’ म्हणायच्या. मामा म्हणजे सासरे, ते गॅलरीत जाऊन उभे राहायचे. एकतीस वर्षं चादरीच्या कारखान्यात लूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालता ठेवणारा, म्हणून काढलेला माणूस, बोटाचं पेर मशीनमध्ये गेलं तेव्हा रुमाल बांधून पाळी पूर्ण केली म्हणतात, आणि इथे अर्ध्या इंचाच्या सुईला पाठ.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला गाठलं.

“मला एक सांग पोरी. सुई टोचली पोटाला. पेशी बनत्यात हाडात. हाडाला कोण सांगाय गेलं?”

मी वर्गात सांगते तसं सांगितलं. औषध चामडीखालून रक्तात जातं, रक्तातून मज्जेत. तिथे अर्धवट घडलेल्या पेशी असतात, त्यांच्या अंगावर ह्याच औषधासाठी बसवलेले रिसेप्टर असतात. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पडद्यातून आरपार गेलेलं एक लांब प्रथिन, एक टोक बाहेर, एक टोक आत. दारावरच्या बेलसारखं.

“म्हणजे औषध आत जातं.”

“संदेश द्यायला आत जावं लागत नाही. ते बाहेरच बसतं.”

“मग बेल म्हणू नको. बेल वाजली तर आतला माणूस उठंल, नाहीतर कुशीवर वळंल. तुझं हे जकार्ड आहे.”

ज्यांनी सोलापुरी चादर फक्त पांघरली आहे त्यांच्यासाठी: जकार्ड म्हणजे मागावर नक्षी उठवणारं यंत्र. जुन्या जकार्डमध्ये नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकं पाडून लिहिलेली असते. कार्ड सुयांच्या रांगेवर येऊन टेकतं. जिथे भोक आहे तिथली सुई आत शिरते, तिचा हुक जागेवर उभा राहतो आणि वर जाणारी सुरी त्याला सोबत उचलते. जिथे भोक नाही तिथे कार्ड सुई ढकलतं, हुक सुरीपासून बाजूला होतो, तो धागा खालीच राहतो. मोर उठतो तो असा. कार्ड स्वतः एकही धागा उचलत नाही, कापडाला त्याचा स्पर्शसुद्धा होत नाही. उचलणारी मोटार वेगळीच.

वीस वर्षं शिकवून मला हे सुचलं नव्हतं. कारण खरोखर तसंच आहे. जी-सीएसएफचं, म्हणजे या औषधाच्या मूळ प्रथिनाचं, रिसेप्टर आतल्या बाजूला स्वतःचं काहीच हत्यार बाळगत नाही. त्याच्या आतल्या भागाला, पडद्याजवळच, जॅक नावाचं एंझाइम चिकटलेलं असतं, ते काम करणारी मोटार. बाहेर औषध येऊन बसलं की दोन रिसेप्टर एकमेकांना भिडतात, आणि आत त्यांचे जॅक समोरासमोर येतात. मग ते एकमेकांवर फॉस्फेट, म्हणजे ‘चालू’ची खूण, चढवतात आणि नंतर रिसेप्टरच्या शेपटीवर. त्या शेपटीवर टायरोसिन या अमिनो आम्लाच्या चार जागा आहेत. फॉस्फेट लागलेल्या जागी स्टॅट नावाची प्रथिनं येऊन बसतात, इथे मुख्यतः स्टॅट-३. त्यांनाही फॉस्फेट लागतो, ती जोडीनं सुटतात, थेट केंद्रकात जातात आणि डीएनएवर बसून ठरावीक जनुकं चालू करतात. शेजारून आणखी दोन रस्ते निघतात, एक पेशीला विभागायला लावणारा, दुसरा तिचं मरण लांबवणारा. एवढा सगळा पसारा आत हलतो आणि ज्याच्यामुळे हलला ते औषध बाहेर पडद्यावर बसलेलं.

“जॅक म्हणजे गाडीला लावतात तो?” मामांनी विचारलं. नाही. जेनस नावाचा रोमन लोकांचा दोन तोंडांचा देव होता, त्याच्यावरून जॅक. एंझाइममध्ये एकसारखे दिसणारे दोन भाग आहेत, त्यातला एक काम करतो आणि दुसरा त्याला आवरतो. मामा खूश झाले. “हां, मग जॉबर आणि मुकादम.”

खोक्यावरच्या नावानंही त्यांचं डोकं खाल्लं. ग्रॅन्युलोसाइट कॉलनी स्टिम्युलेटिंग फॅक्टर, म्हणजे तेच जी-सीएसएफ. “कॉलनी? आपल्या बोळात राहतात त्या पेशी?” ही गोष्ट मला फार आवडते. १९६० च्या दशकात मेलबर्नला डोनाल्ड मेटकाफ आणि रे ब्रॅडली, आणि वेगळेपणानं इस्रायलमध्ये प्लुझनिक आणि साक्स, यांनी उंदराच्या मज्जेतल्या पेशी अगारमध्ये वाढवल्या. अगार म्हणजे आपला चायना ग्रासच, त्या मऊ जेलीत पेशी इकडेतिकडे पळू शकत नाहीत. एका पेशीपासून झालेली सगळी पिलावळ तिथेच पुंजक्यानं राहते. तो पुंजका म्हणजे कॉलनी. पण नुसत्या जेलीत काहीच उगवत नव्हतं; बाजूला दुसऱ्या पेशी ठेवल्या तर उगवत होतं. म्हणजे त्या पेशींतून काहीतरी पाझरत होतं. ते काहीतरी काय, हे शुद्ध करून हातात यायला पुढची वीसेक वर्षं गेली. १९८६ मध्ये माणसाच्या जी-सीएसएफचं जनुक हाती लागलं आणि १९९१ मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. अंगात इतकं कमी पाझरतं ते, की बाटल्या भरून मिळवायचं तर ते जनुक देऊन जिवाणूंसारख्या दुसऱ्या पेशींकडून करून घेण्यावाचून मार्ग नव्हता.

आता परिणाम. पाच सुयांतली तिसरी झाली आणि आम्ही उत्साहानं रक्त तपासलं. कुणी सांगितलं नव्हतं, आपलं हौसेनं. पांढऱ्या पेशी २१,८००! मामांनी पेढे आणायची भाषा केली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून बाजूला ठेवला. “आत्ता तपासायला कुणी सांगितलं? दहाव्या दिवशी या.”

त्यांचं बरोबर होतं. हा पहिला उसळलेला आकडा नव्या मालाचा नसतो. मज्जेत तयार होऊन पडलेला साठा असतो, सुई त्याला दार उघडून बाहेर काढते. एरवी तयार झालेला न्यूट्रोफिल मज्जेत सहा-एक दिवस मुरतो, सुईनं तो मुक्काम निम्म्यावर येतो. गोदाम रिकामं झालं की आकडा पुन्हा खाली येतो, केमोचा फटका त्याच दिवसांत दिसतो, आणि मग खऱ्या नव्या पेशींची दुसरी लाट वर येते. दहाव्या दिवशी आत्यांच्या एकूण पेशी ३,४००, न्यूट्रोफिल ४८ टक्के. म्हणजे १,६३२. गेल्या वेळी याच दिवशी १८० होत्या आणि आम्ही वॉर्डात होतो. या वेळी आत्या घरी कडक भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून खात टीव्हीवर मालिका बघत होत्या. तिसऱ्या केमोला १,२००, चौथ्याला १,९०० च्या आसपास. ताप एकदाही नाही.

त्रास झाला तो हाडांचा. हे कुणी सांगत नाही किंवा घाईत सांगतं. तिसऱ्या-चौथ्या सुईपासून कंबर, मांड्यांचा वरचा भाग आणि छातीच्या मधलं हाड ठणकायचं. आत्यांचे शब्द: “हाडात कुणीतरी उखळात मुसळ घालाय लागलंय.” ज्या हाडांत मज्जा जास्त, तिथेच ठणका जास्त. आत कामाची एकदम झुंबड उडाली की असं होणारच. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल सांगितलं होतं, पण आधी ताप मोजून मग द्यायचं, नाहीतर गोळीनं ताप झाकला जातो आणि खरा धोका कळत नाही. आम्ही फ्रिजच्या दाराला कागद लावून वेळा लिहीत होतो. शेवटची सुई झाल्यावर दोन दिवसांत ठणका गेला. आणि एक गोष्ट: पोटाच्या डाव्या बाजूला वर किंवा डाव्या खांद्यात अचानक दुखलं तर थांबायचं नाही, प्लीहेचा संबंध असू शकतो. क्वचित होतं, पण कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि ते कुणी वाचत नाही.

डॉक्टरांनी दुसरा पर्यायही सांगितला होता. पेगफिल्ग्रास्टिम, केमोमागे एकच सुई. हेच औषध, त्याला पॉलिथिलीन ग्लायकॉलची शेपटी लावलेली. साध्या सुईचं औषध बऱ्यापैकी मूत्रपिंडातून निघून जातं म्हणून रोज द्यावी लागते. शेपटीवालं इतकं मोठं होतं की मूत्रपिंडातून गळत नाही. मग ते जातं कसं? न्यूट्रोफिलच त्याला खातात. त्यांच्या अंगावरच्या रिसेप्टरला औषध चिकटलं की रिसेप्टर औषधासकट आत ओढला जातो आणि दोन्ही संपतात. म्हणजे पेशी कमी असतील तोवर औषध रक्तात टिकतं, पेशी वाढल्या की त्याच त्याला संपवतात. आपल्या टाकीतला बॉलकॉक. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे बॉलकॉकची किंमत आम्हाला वेगळी सांगायला नको. आम्ही तरी रोजचीच घेतली, कारण पाच सुया मिळून तेव्हा स्वस्त पडत होत्या आणि मी घरीच देणार होते. घरी देणारं कुणी नसेल, रोज दवाखान्यात जावं लागणार असेल, तर हिशेब उलटा होईल. उन्हातल्या पाच फेऱ्या आणि तेवढ्याच वेळा वेटिंग हॉलमधल्या खोकणाऱ्या माणसांत बसणं, तेही किमतीत धरा.

ही सुई काय करत नाही, तेही लिहिते. गल्लीत बातमी पसरली होती की ‘रक्त वाढवायची सुई’ चालू आहे. तिनं हिमोग्लोबिन वाढत नाही. आत्यांचं ११.२ वरून ९.४ वर आलंच. तांबड्या पेशींची पुठ्ठ्याची कार्डं वेगळी, त्यांचं नाव इरिथ्रोपोएटिन, ते मूत्रपिंडात बनतं. प्लेटलेटचं आणखी वेगळं. प्रत्येकाचा रिसेप्टर वेगळा, आतला जॅक मात्र बहुतेक ठिकाणी तोच. एक काकू बिटाचा रस घेऊन आल्या, एक पपईच्या पानांचा. बीट घेतलं, रंग छान होता. पपईची पानं कुंडीत गेली.

एका रात्री वीज गेली होती आणि मामांनी विचारलं, “आणि हुक अडकला तर?” जकार्डमध्ये एखादा हुक वरच अडकून बसला की तो धागा कार्डाचं ऐकत नाही, अख्ख्या चादरीत नको तिथे रेघ उठते. मी म्हटलं, त्याचंही नाव आहे. जॅक-२ च्या साखळीत ६१७ व्या जागी व्हॅलिन या अमिनो आम्लाऐवजी फेनिलॲलनिन येतं, एकच अक्षर चुकतं, आणि आवरणारा भाग आवरत नाही. कार्ड असो नसो, पेशी वाढतच राहतात. रक्त घट्ट होतं, गाठी होण्याची भीती. पॉलिसायथेमिया व्हेरा म्हणतात. २००५ मध्ये हे सापडलं आणि या आजाराच्या शंभरातल्या साधारण ९५ रुग्णांत हाच बदल असतो. मुकादम मेला तर जॉबर काय करणार, मामा म्हणाले.

मग त्यांना एरो मॅन्टिरांटाची गोष्ट सांगितली. फिनलंडचा बर्फावर स्की करणारा खेळाडू, १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं. त्याचं हिमोग्लोबिन २० च्या वर असायचं, लोक संशय घ्यायचे. १९९३ मध्ये संशोधकांनी त्याच्या घराण्यातल्या लोकांची जनुकं तपासली तेव्हा कळलं, की त्यांच्या इरिथ्रोपोएटिन रिसेप्टरची शेपटी जन्मतःच आखूड आहे. चालू करणारी जागा शाबूत, पण ‘बस कर’ म्हणणारं प्रथिन जिथे येऊन बसतं तोच तुकडा नाही. थोड्याशा संदेशावर मज्जा जोरात धावायची. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अडकलेल्या हुकाची चादर बी कुणीतरी बक्षिसाला लावली म्हणायची.”

मार्क द्यायचे तर औषधाला पाचपैकी साडेचार. अर्धा हाडांच्या ठणक्याचा कापला, आणि तोही आत्यांच्या आग्रहाखातर, मी पाच देणार होते. त्या गल्लीतल्या दुकानाला पाच. पहिल्या मेडिकलला काही नाही. कुणाला लागेल, कुणाला नाही, हे केमो कोणती आणि माणूस कसा यावर डॉक्टर ठरवतात. शेजारणीच्या सुनेला दिली म्हणून मागून घेऊ नका.

चौथ्या केमोच्या वेळी पारा ४३ ला होता. मामांनी थर्माकोलच्या डब्यात वर्तमानपत्राऐवजी माळ्यावरून काढलेलं जुनं जकार्डचं कार्ड कापून बसवलं. जेल पॅक आणि सुया यांच्यामध्ये, भोकांतून गारवा येतो आणि बर्फ टेकत नाही. मी ते थर्मामीटर ठेवून तपासलं, तासाभरानं ६ अंश. जूनमध्ये तो डबा आमच्या बोळातल्या एका बाईंच्या भावासाठी दिला. गेल्या आठवड्यात डबा परत आला, कार्ड नाही आलं. मामा सकाळपासून माळ्यावर दुसरं शोधतायत.